मामलेदार जोशींचं नाव घ्यायचं की नाही?



येत्या २५ सप्टेंबरला चिरनेरचा दिवस आहे. या दिवशी आपण नाग्या महादू कातकरीचं नाव घेतो, धाकू गवत्या फोफेरकर, आलू बेमट्या म्हात्रे आणि त्यांच्यासोबत पडलेल्या सगळ्यांचं नाव घेतो. यंदा तयारीच्या बैठकीत एका म्हाताऱ्या साथीनं विचारलं, "त्याच गोळीबारात मामलेदार पण मेला होता. त्याचं नाव आपण का घेत नाही?" झालं, बैठक तिथंच अडकली. निम्मे म्हणाले, सरकारी माणूस तो, त्याचं आपल्याला काय. बाकीचे गप्प. खरं सांगायचं तर आम्ही पण गप्पच होतो.

आम्ही दुधनीकडचे पारधी. तुमच्यासारखं जंगल आमच्याकडं नाही, माळ आहे आणि गायरान आहे. साहेब म्हटलं की आमच्या वस्तीत पोरं आजही घरात पळतात. इंग्रजांनी आमच्या जातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली. तो कायदा १९५२ साली गेला, भीती काही गेली नाही. तेव्हा एखादा मामलेदार आपला म्हणायचा, हे आमच्या गळी लवकर उतरत नाही. तरी पण चिरनेरची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, म्हणून लिहितोय.

१९३० साल. मिठाचा सत्याग्रह झाला, मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. समुद्र लांब होता तिथल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडायला घेतला. जुलैत पुसदला, मग बिळाशीला, आणि असंच गावोगाव. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबरला आगरी, कोळी, कातकरी, सगळे अक्कादेवीच्या डोंगरावर चढले. हातात कोयते-कुऱ्हाडी, त्या लाकूड तोडायला. सरपण, गुरांचा चारा, कुडाच्या काठ्या, जे बापजाद्यांपासून आणत होते तेच आणायला. इंग्रजांच्या वनकायद्यानं ती चोरी ठरवली होती.

बंदोबस्ताला पोलीस होते आणि पनवेलचे मामलेदार जोशी होते. त्या काळी मामलेदार म्हणजे तालुक्याचा मालक. सारा वसूल करणार तो, फौजदारी चालवणार तो. जमावावर गोळी घालायची तर हुकूम मॅजिस्ट्रेटच्या तोंडून यावा लागे, आणि ते अधिकार मामलेदाराकडं असत. त्या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की पोलीस अधिकाऱ्यानं हुकूम मागितला आणि जोशींनी तो दिला नाही. समोर शेतकरी आहेत, कातकरी आहेत, गोळी घालण्यासारखं काही झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पहिली गोळी त्यांनाच बसली आणि त्यानंतर लोकांवर बंदुका चालल्या. बंदुका फक्त पोलिसांकडं होत्या, हे विसरू नका. तरी खटला भरला गेला तो गावकऱ्यांवर. त्यांच्या बाजूनं ठाण्याच्या कोर्टात उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आता बैठकीतल्या भांडणाकडं येतो. जोशी काही आपल्या लढ्यात नव्हते. सकाळी ते सरकारचे म्हणूनच डोंगरावर आले होते. ते आले नसते तर दुसरा कोणी आला असता. त्यांनी एकच गोष्ट केली, जो हुकूम त्यांच्याशिवाय निघत नव्हता तो काढला नाही. आम्हाला वाटतं एवढ्यासाठी त्यांचं नाव घ्यावं. नाग्याच्या आधी नाही, नाग्याच्या वर नाही. फोटोला हार घालून देव करायचा नाही. ही सवय आपल्याला फार आहे. एखादा साहेब हसून बोलला, खुर्ची दिली, की आपण लगेच शाल-नारळ घेऊन उभे. पुढच्या महिन्यात साहेबाची बदली होते, आणि आपला दावा नव्या साहेबाच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून.

चांगला साहेब भेटला तर त्याच्याकडून गोड बोलणं नको, कागद घ्या. वाईट भेटला तरी कागदच मागा. मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर गाडी आली, "वरून हुकूम आहे, पीक काढा" म्हणाले. एक आजी पुढं झाली. शाळेचं तोंड न बघितलेली. म्हणाली, "वरून म्हंजे कुठून? सहीचा कागद दाव." कागद नव्हता. गाडी परत गेली. पुन्हा येईल हे आम्हाला माहीत आहे, पण त्या सालचा भात तरी घरात आला.

२००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ४(५) आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हटवता येत नाही. दावा ग्रामसभेतून जातो, म्हणून ग्रामसभेचं रजिस्टर गावातच ठेवा. दावा नामंजूर झाला तर तसं लेखी कळवावं लागतं, आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येतं. तोंडी "तुमचं रिजेक्ट झालं" याला काही अर्थ नाही. दंडाच्या जुन्या पावत्या फाडू नका, चुलीत घालू नका. ज्या पावतीनं तुम्हाला चोर ठरवलं तीच आज तुमच्या कसण्याचा पुरावा आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पण पुरावा धरतात. पण एकाच पुराव्यावर थांबू नका, किमान दोन जोडा.

आपल्यातली काही पोरं आता तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक होतायत. चांगलं आहे. त्यांच्यासमोरही कधीतरी असा कागद येईल ज्यावर त्यांची सही लागेल, आणि त्या जमिनीवर आपलाच कोणी मामा-काका उभा असेल. त्यांना चिरनेरची गोष्ट आत्ताच सांगून ठेवा, नोकरी लागल्यावर ऐकायला वेळ नसतो.

तर २५ तारखेला सकाळी ज्याच्या त्याच्या गावात सभा घ्या. पहिली नावं आपल्या माणसांची, मग मामलेदार जोशींचं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सभेत उभं राहून बोलावं, आम्ही पुढच्या अंकात छापू. येताना भाकरी आणि पावत्या दोन्ही आणा. पावत्यांची यादी त्याच दिवशी करायची आहे.