थप्पीवर चढायचे वर्ष

साखर कारखान्याच्या गोदामात ३१ मार्चचा साठा मोजायला गेलेला आर्टिकलचा मुलगा आधी खाली उभा राहून पोती मोजतो. लांबीला इतकी, रुंदीला इतकी, उंचीला इतकी; गुणाकार केला, काम झाले. मग बरोबरचा वरिष्ठ त्याला थप्पीवर चढायला सांगतो. थप्पी मधून पोकळही रचता येते, हे त्याला त्या दिवशी कळते. पुढची तीस-चाळीस वर्षे हा मुलगा ज्या ताळेबंदांवर सही करणार, त्या सहीला वजन येते ते अशा दिवसांनी.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत सनदी लेखापालांच्या (सीएंच्या) संस्थेने आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. इंटरमीजिएट आणि फायनलचे पेपरही आठावरून सहा-सहा झाले. पेपर कमी झाले याचे दुःख नाही. वर्ष कमी झाले, हे मात्र चुकले असे आम्हाला वाटते.

सीए होण्याची वाट मुळात फार उदार आहे, आणि तिचे कौतुक पुरेसे होत नाही. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देता येते. पदवीची अट नाही. वाणिज्य पदवीधर ५५ टक्क्यांवर, इतर शाखांचे ६० टक्क्यांवर थेट इंटरला नाव नोंदवू शकतात. लाखोंची देणगी नाही, महाविद्यालयाच्या नावाचा दबदबा नाही. तालुक्याच्या गावातली मुलगी घरी बसून अभ्यास करते आणि मुंबईच्या मुलाने दिलेलीच परीक्षा देते. १९४९च्या कायद्याने संस्था उभी राहिली, तेव्हापासून या वाटेने किती साध्या घरांत पहिली सनद आली असेल! दार इतके मोकळे ठेवता आले, कारण आत आल्यावर कामाची भट्टी होती. महाविद्यालय जे देत नाही ते ऑफिस देत होते: व्हाउचिंग, बँकेचा ताळमेळ, पतसंस्थेच्या धूळ खात पडलेल्या खतावण्या, आणि नको ते विचारतो म्हणून रागावलेल्या हिशेबनिसासमोर शांत बसायची सवय.

संस्थेची बाजू अगदीच पोकळ नाही. आता इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. आधी मूल कामावर असायचे आणि मन क्लासमध्ये. रजाही पूर्वी भरपूर मिळायच्या. आता वर्षाला बाराच. म्हणजे दोन वर्षे सलग आणि एकचित्ताने मिळतील, हा हिशेब. तो खरा ठरला तर आमची तक्रार निम्मी होईल. पण डमी आर्टिकलशिपचे दुखणे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे: कागदावर हजेरी एका ऑफिसात, मुलगा दिवसभर क्लासला. तीन वर्षांत एक वर्ष असे वाया गेले तरी दोन उरायची. दोनातले एक गेले तर काय उरते?

अमेरिकेत काटा उलट्या दिशेला सरकतो आहे, हे इथे पाहण्याजोगे आहे. तिथे सीपीएच्या, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाच्या, परवान्यासाठी १५० क्रेडिट तासांचे महाविद्यालयीन शिक्षण लागायचे. साधी पदवी साधारण १२० तासांची, म्हणजे वर एक जादा वर्ष. १९८३ मध्ये फ्लोरिडाने सुरुवात केली, मग राज्यामागून राज्य त्या रांगेत गेले. अनेक ठिकाणी ते जादा तास लेखाशास्त्राचेच असावेत असेही नव्हते. फी मात्र भरावीच लागे. मुले या व्यवसायाकडे फिरकेनात, तेव्हा २०२५च्या जानेवारीत ओहायोने कायदा बदलला: पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव असेल तरी परवाना मिळेल. इतर राज्येही त्या मार्गाला लागली. वर्गातले वर्ष देऊन त्यांनी कामाचे वर्ष घेतले. आमच्याकडे ते आधीपासून होते, आणि आम्ही ते सोडले.

कामाचे ते वर्ष का लागते, हे आठवून पाहावे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राने कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक खोटी आहे. त्या ताळेबंदावर सही करणारे अवघड परीक्षा पास झालेलेच होते. ठेवींची खातरजमा थेट बँकेकडून करून घ्यावी, कंपनीने हातात ठेवलेल्या कागदावर थांबू नये, हे पहिल्या वर्षाच्या आर्टिकललाही तोंडपाठ असते. तोंडपाठ असलेले हातात उतरायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आता आखडता घेतला आहे.

वर्ष परत मिळत नसेल तर निदान उरलेल्या दोन वर्षांवर कडक पहारा हवा. संस्थेची माणसे न कळवता ऑफिसात गेली पाहिजेत; मुलगा जागेवर आहे का, त्याच्यासमोर कोणाची फाइल आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. आणि फायनलचा अर्ज भरण्याआधी प्रत्येकाच्या हातून निदान एक मार्चअखेरची साठामोजणी, एक सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण आणि बँकेला स्वतः पाठवून उत्तर आणवलेले एक पत्र झालेच पाहिजे. मुलगी असो वा मुलगा, थप्पीवर एकदा तरी चढलेला असावा.