ग्लास एक, पाकिटं दोन

विलायतेहून परतलेल्या आपल्याच काही पोरांचं एक पालुपद ठरलेलं असतं. "तिकडं जातबीत काय नाय बुवा. पबात गोरा, काळा, बामण, महार, सगळे एकाच बारवर, एकाच ग्लासातून पितात." हे ऐकून आमचे कार्यकर्ते माना डोलावतात. मी डोलावणार नाही.

कारण हे पालुपद दोन ठिकाणी खोटं आहे. गोऱ्याचा ग्लास काळ्याच्या हाती सुखासुखी आला नाही, तो भांडून घ्यावा लागला. आणि ग्लास एक झाला म्हणून जात मेली नाही. ती ग्लासाशेजारी खुर्ची ओढून बसली. मी हे डोळ्यांनी पाहून आलोय.

लंडनला वॉपिंगमध्ये टेम्स नदीच्या काठावर 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' नावाचा पब आहे. १५२० च्या सुमाराचा म्हणतात. मित्र म्हणाले, चल, अस्सल जुना पब दाखवतो. गेलो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि मी ती पाळतो. तेव्हा माझ्या हातात लेमोनेड होतं. पण डोळे उघडे होते. खाली जुनी दगडी फरशी, बारवर कथलाचा पत्रा, मागच्या बाजूला नदी. टेम्सला समुद्राची भरती येते. पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला खालचा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलावर एक फासाचा दोर टांगलेला आहे. शोभेला! याच वॉपिंगमध्ये चाच्यांना आणि बंडखोर खलाशांना फाशी देत. शेवटची १८३० साली दिली. आता लोक दोराजवळ उभं राहून फोटो काढतात. ज्यांच्या बापजाद्यांच्या गळ्याला दोर लागला नाही त्यांनाच तो शोभेचा वाटतो.

आमच्या टेबलावर चर्चा रंगली बिअरची. 'रिअल एल' म्हणजे पिंपातच आंबत राहणारी बिअर. वरून गॅस भरत नाहीत, हातपंपानं ओढून देतात. मोठ्या कारखान्यांनी गॅसची बिअर लादायला घेतली तेव्हा १९७१ साली चार माणसांनी चळवळ उभी केली आणि हे पिंप वाचवलं. बिअरसाठी माणसं अशी संघटित होतात, बघा! मग व्हिस्की. स्कॉच ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं मुरलीच पाहिजे, असा कायदा आहे. आपल्या देशातली बरीचशी 'व्हिस्की' मळीच्या स्पिरिटची, म्हणून युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. पिंप कुठलं, वर्षं किती, पाणी कुठल्या ओढ्याचं, तासभर चाललं. ती मळी ज्या उसाची, तो ऊस तोडायला बीडहून कोयता घेऊन कोण जातं, हे एकानंही विचारलं नाही.

एका बाटलीवर लिहिलेलं होतं 'इंडिया पेल एल'. हा इंडिया कुणाचा? लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा दारूवाला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी अशी बिअर धाडायचा. त्याच कंपनीच्या फौजेत आपले महार शिपाई लढत होते. पुढं १८९० च्या दशकात इंग्रजानं 'लढवय्या जाती'चं शास्त्र काढलं आणि महारांची भरती बंद केली. बाटलीवर इंडिया राहिला, शिपाई हाकलला.

आता ग्लासाचं. याच इंग्लंडात १९५०-६० च्या दशकांत अनेक पबांत 'कलर बार' होता. काळ्याला, हिंदी माणसाला दारू नाही. नाहीतर बसायची खोली वेगळी. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतकामाच्या कारखान्यात राबणारे आपले पंजाबी कामगार संध्याकाळी पबात गेले की त्यांना दार दाखवायचे. त्यांनी काय केलं? गोऱ्याच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघितली नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जौहल यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गोरे विद्यार्थी सोबत घेतले, पबात गेले, गोऱ्याला मिळतं आणि आम्हाला नाकारतात हे सगळ्यांसमोर सिद्ध केलं. १२ फेब्रुवारी १९६५ ला त्यांनी माल्कम एक्सला स्मेदिकला आणलं. त्यालाही पबातल्या गोऱ्यांच्या खोलीत दारू मिळाली नाही. त्यानंतर ९ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षाअखेर ब्रिटनचा रेस रिलेशन्स कायदा आला आणि पबात वर्णावरून नाकारणं बेकायदा ठरलं.

साल लक्षात ठेवा. १९६५. आपल्या संविधानाचं कलम १५ दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, रस्ता सगळ्यांना खुलं करतं. ते लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. म्हणजे ज्या लंडनात बाबासाहेब अर्धपोटी राहून शिकले, त्या लंडनला बाबासाहेबांचं संविधान या बाबतीत १५ वर्षं पुढं होतं! हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. त्यांना इंग्रजाचा मोठेपणा पाठ आहे.

आता पाकिटाचं. आम्ही टेबलावर पाच जण, सगळे मराठी, सगळे शिकलेले. एकानं वेफर्सचं पाकीट मधोमध फाडून पसरलं. तिथली रीतच आहे, सगळ्यांनी त्यातून घ्यायचं. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते.

"आडनाव काय म्हणालात आपलं?"

सांगितलं.

"म्हणजे मूळचे कुठले?"

जिल्हा सांगितला.

"तसं नव्हे हो... म्हणजे गावात कुठले?"

मी म्हणालो, "महारवाड्यातला. आता बौद्ध."

"अहो, सहज विचारलं. आम्ही असलं काही मानत नाही."

न मानणारा तो हात पुन्हा पाकिटाकडं आला नाही. थोड्या वेळानं गृहस्थ उठले, बारवरून दुसरं पाकीट घेऊन आले आणि ते आपल्या बाजूला फाडलं. कुणी म्हणेल, भूक लागली असेल. लागली असेल. पहिलं पाकीट अजून निम्मं भरलेलं होतं.

याची फिर्याद मी कुठं करू? पाकिटाची फिर्याद होत नाही, कबूल. पण हाच माणूस उद्या कुणाचा साहेब होणार, घरमालक होणार, तेव्हा? ब्रिटनच्या संसदेनं २०१३ साली ठरवलं, समता कायद्यात जात घालायचीच. सरकारनं ५ वर्षं घोळवलं आणि २०१८ साली सांगितलं, घालणार नाही, कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. कुठले निकाल? बिहारच्या एका आदिवासी बाईला भारतीय वंशाच्या घरमालकांनी तासाला ११ पेन्सवर राबवलं होतं. तिच्या खटल्यात कोर्टानं २०१४ साली म्हटलं, जात 'वांशिक मूळ' या शब्दात बसू शकते. पुढच्या वर्षी तिला १ लाख ८३ हजार पौंडांवर रक्कम मंजूर झाली. छान झालं. पण प्रत्येक राबणाऱ्या बाईनं आधी आपली जात वंशात बसवून दाखवायची आणि मग न्याय मागायचा, हा कुठला न्याय?

आणि कायद्याला विरोध करायला पुढं कोण आलं? तिथल्या काही हिंदू संघटना. म्हणाल्या, ब्रिटनमध्ये जात उरलेलीच नाही. अरे, चोर नाहीत तर कुलपाला विरोध कशाला?

मला ठाऊक आहे, नुसत्या कायद्यानं होत नाही. आपल्याकडं १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा आहे, तरी गावोगाव चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी निघाली. पण कायदा होता म्हणून ती कपबशी पंचनाम्यात तरी आली. तिकडं दुसरं पाकीट पंचनाम्यातही येत नाही.

म्हणून दोस्तहो, तीन कामं सांगतो. परदेशी गेलेल्या आपल्या पोरांना पत्रं टाका, जात भेटली तर तारीख, जागा, शब्द लिहून ठेवा म्हणावं. "तिकडं जात नाय" म्हणणाऱ्याला भरसभेत विचारा, मग तिथं आडनाव का विचारतात? आणि स्मेदिकच्या कामगारांचा धडा अभ्यासवर्गात घ्या. ते पाजा म्हणून विनवायला गेले नव्हते. हक्क मागायला गेले होते, साक्षीदार बरोबर घेऊन. महाडला १९२७ साली आपणही काय नुसती तहान भागवायला गेलो होतो?

जयभीम.