नबील शबान यांची कैफियत

अपंग नटाविषयी लिहावयास बसले की आपल्याकडील लेखणी जिद्द आणि प्रेरणा यांच्या ठरलेल्या वाटेला लागते, आणि त्या भरात त्या गृहस्थाने नट म्हणून नेमके काय केले, हे विचारावयाचे राहूनच जाते. नबील शबान यांच्या बाबतीत तरी हा अन्याय होऊ नये.

1953 साली अम्मान येथे जन्मलेल्या शबान यांना अस्थिभंगुरतेचा जन्मजात विकार होता, आणि उपचारार्थ वयाच्या तिसऱ्या वर्षी इंग्लंडात आणलेल्या या मुलाचे बालपण रुग्णालयांत व संस्थांत गेले. चाकांच्या खुर्चीतील नटाला तेथील नाट्यव्यवसायात थारा नव्हता; तेव्हा अर्जविनंत्यांत आयुष्य खर्ची न घालता त्यांनी 1980 साली रिचर्ड टॉमलिन्सन यांच्यासह ‘ग्रेआय’ ही अपंग कलावंतांची नाटकमंडळी उभी केली. एकच डोळा आणि एकच दात आळीपाळीने वापरणाऱ्या ग्रीक पुराणातील तीन भगिनींचे नाव तिला ठेवण्यात जो खट्याळपणा आहे, तो मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत दिसतो.

त्यांची सर्वश्रुत भूमिका म्हणजे 1985 साली ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेत आलेला सिल. पाण्याच्या हौदावर बसून, घशात गुळगुळणारे हास्य करीत, एका दरिद्री ग्रहाचे मौल्यवान खनिज कवडीमोलाने लाटू पाहणारा हा परग्रहावरील व्यापारी किळसवाणा आहे. वाकड्या देहात वाकडे मन दाखविण्याची जुनीच वहिवाट येथे चालविली, हा आक्षेप निराधार नव्हे. परंतु शबान यांनी त्या सोंगात लोभाचा असा काही आस्वाद ओतला आहे की प्रेक्षकाला चीड येते ती सौदेबाजीची, देहाची नव्हे. सज्जन आणि सोशिक राहण्याच्या सक्तीतून सुटून मनसोक्त दुष्ट होण्याचा अधिकार अपंग नटालाही असावा, असे माझे मत आहे. ‘सिटी ऑफ जॉय’ या 1992 च्या चित्रपटात मात्र कलकत्त्याच्या पार्श्वभूमीवर त्यांच्या वाट्याला कुष्ठरोग्याचीच भूमिका आली!

जे इतरांनी दिले नाही ते त्यांनी स्वतः लिहिले. अपंगांच्या कामजीवनावर संकोच न बाळगता बोलणारा ‘द स्किन हॉर्स’ हा 1983 चा माहितीपट त्यांच्या सहभागाने सिद्ध झाला; आणि ‘द फर्स्ट टू गो’ या नाटकात त्यांनी नाझी राजवटीतील अपंगांच्या हत्येचा विषय हाती घेतला. जानेवारी 1940 ते ऑगस्ट 1941 या अवधीत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण व अपंग तेथे वायुकोठड्यांत मारले गेले, आणि त्यांचा निकाल बहुधा त्यांना प्रत्यक्ष न पाहता, भरलेल्या छापील नमुन्यांवर खुणा करून वैद्यांनीच लावला होता. एवढा विषय पेलणाऱ्या लेखकाला केवळ सिलच्या नावाने ओळखावे, हे मला अपुरे वाटते.

आपल्या नाटकमंडळ्यांना एवढीच विनंती की पुढील खेपेस लंगड्या पात्रासाठी धडधाकट नटाला लंगडावयास शिकविण्यापूर्वी अपंग नटाला तालमीस बोलवावे. आणि ज्या भूमिकेत पायांचा उल्लेखही नाही, तिच्यासाठीही बोलवावे.