टायसनच्या नावानं चांगभलं

कळंबच्या बसस्टँडवर चहा घेताना क्रिकेटचा विषय संपला की पोट्ट्यांना बॉक्सिंग आठवतं. "टायसनच बाप हाय बे!" एक जण ठणकावतो. "काहून? अलीले इसरला का?" दुसरा. तिसरा मोबाइल पुढे करतो. मेवेदर, ५० लढती, ५० विजय, विषय संपला.

यांतल्या एकानेही एखादी लढत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत पाहिली असेल, यावर माझा विश्वास नाही. तीस सेकंदांच्या क्लिपा पाहायच्या, त्यात समोरचा धाडकन आडवा, मागे ढणढण संगीत, की झाला इतिहासातला सर्वश्रेष्ठ बॉक्सर पक्का. जिनिंगवालाही कापसाची गाडी उघडून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. आमच्या पंचांना तेवढीही गरज वाटत नाही.

ते ५० विजयच घ्या. मेवेदरचा बचाव अफलातून होता, कबूल. पण पन्नासावी लढत २०१७ ची, आणि समोर कॉनर मॅकग्रेगर. व्यावसायिक बॉक्सिंगच्या रिंगमध्ये त्या माणसाचा तो पहिलाच दिवस! असला आकडा छातीवर मिरवायला निर्लज्जपणा लागतो.

माझं उत्तर शुगर रे रॉबिन्सन. हे नाव घेतलं की स्टँडवर शांतता पसरते, कारण त्याची क्लिप कोणी पाठवलेली नसते. १९४० ते १९६५ तो लढला, जवळपास २०० लढती. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच्याहून वजनदार जेक लामोटाने त्याला हरवलं, व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव. तीन आठवड्यांत रॉबिन्सनने त्याच लामोटाला हरवून हिशोब चुकता केला, आणि मधल्या दिवसांत आणखी एकाशी लढून घेतलं. पुढे १९५१ पर्यंत त्याला कोणी हरवू शकलं नाही. मिडलवेटचं जगज्जेतेपद त्याने पाच वेळा जिंकलं. खुद्द अली त्याला आदर्श मानायचा. पण रॉबिन्सन हेवीवेट नव्हता ना! आपल्याकडे मोठा माणूस म्हणजे अंगानेही मोठाच लागतो.

अलीवाल्यांशीही माझं भांडण आहे. व्हिएतनामच्या युद्धाला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचा किताब काढून घेतला, ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं वाया गेली. १९७४ मध्ये किन्शासात फोरमनला आठव्या राउंडमध्ये पाडून त्याने तो परत मिळवला. एवढी छाती दुसऱ्या कोणाची? पण मग छाती मोजतोय की ठोसे, ते आधी ठरवा. एकाचं माप दुसऱ्याच्या खात्यात घालू नका.

आणि छातीच मोजायची तर मेरी कोमचं नाव काढताच "बायकांचं काय घेऊन बसले भाऊ" असं म्हणून हसता कशाला? २००२ ते २०१८, सहा जागतिक सुवर्णपदकं. शेवटचं तीन मुलांची आई असताना. २०१२ मध्ये ऑलिम्पिकने बायकांना पहिल्यांदा दार उघडलं, तर तिचा ४८ किलोचा गटच नव्हता. सगळ्यांत हलका गट ५१ किलोचा. तिथे जाऊन, अंगानं मोठ्या मुलींशी लढून तिने कांस्य आणलं. रॉबिन्सनच्या वर मी तिला बसवत नाही. हौशी बॉक्सिंगचे राउंड थोडे, तो खेळच वेगळा. पण यादीत नावच नको?

बरं, मेरीचं मणिपूर लांब. वर्ध्यावरून पुढे नागपूर तर लांब नाही? तिथल्या एका पोलिसाची मुलगी, अल्फिया पठाण, २०२१ मध्ये पोलंडमध्ये ८१ किलोवरील गटात युवा जगज्जेती झाली. तुमचं ते लाडकं वजनही आहे तिच्याकडे! स्टँडवर नाव विचारून पाहा. "कोन?" एवढंच उत्तर येतं, आणि गाडी पुन्हा टायसनवर.

घ्या, टायसनच घ्या. विसाव्या वर्षी हेवीवेटचा जगज्जेता, खोटं कशाला बोलू? फक्त फेब्रुवारी १९९० मध्ये तोक्योत त्याला कोणी झोपवलं, ते मोबाइल खिशात ठेवून सांगा.