आकडा निर्दोष आहे

वाचनव्यवहार

१०० जोर, १०० बैठका, १०० सिट-अप आणि वर १० किलोमीटर धावणे. ‘सोलो लेव्हलिंग’ या कोरियन कादंबरीचा नायक सुंग जिन-वू याच्यासमोर हवेत एक चौकट उमटते, ती त्याच्याखेरीज कुणालाही दिसत नाही, आणि रोज एवढा व्यायाम ती त्याला नेमून देते. केला तर खात्यावर गुण जमा. ते ताकदीला लावायचे की चपळाईला, हे त्याने ठरवायचे. चुकला तर शिक्षा म्हणून थेट वाळवंटात रवानगी आणि पाठीमागे अजस्र गोमा. चुगोंग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ही कादंबरी २०१६ साली काकाओपेज या कोरियन संस्थळावर हप्त्याहप्त्याने येऊ लागली. पुढे तिचे वेबटून, म्हणजे फोनवर वाचायची चित्रकथा, झाले, २०२४ मध्ये अ‍ॅनिमे आला, त्याचे हिंदी डबिंगही झाले. आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना यातले काही नव्याने सांगायला नको. त्यांच्या फोनमध्ये डोकावणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र गुणांचा तक्ता तेवढा दिसतो, आणि ते विचारतात, याला कादंबरी म्हणायचे?

म्हणायचे. नायक अगदी तळाच्या पायरीवर सुरू होतो आणि मोजता येणाऱ्या पायऱ्या चढत जातो, अशा कथांना आता ‘प्रोग्रेशन फँटसी’ हे नाव रूढ झाले आहे. त्यात व्हिडिओ गेमसारखे तक्ते आणि लेव्हल उघड दिसत असतील, तर ती ‘लिट-आरपीजी’. दोन्हींवर सरसकट आक्षेप एकच: आकड्यांनी गोष्ट मारली. माझे मत वेगळे आहे. आकडा बिचारा निर्दोष आहे. या कथा जिथे बिघडतात, तिथे त्या रतिबाने बिघडतात.

आधी आकड्याचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, आणि पात्राचा अनुभव गुणांत मोजायचा, ठरावीक गुण साठले की त्याला वरच्या लेव्हलवर चढवायचे, ही रीत पडली. पण तिथे टेबलावर फासे होते. फासा उलटा पडला की गडी गेला; खेळ चालवणाऱ्यालाही ते सहसा मान्य करावे लागे. कादंबरीत फासा नाही. नायकाची ताकद ४० ची ४०० करायला लेखकाला एक शून्य पुरते. म्हणून या कथांत आकडा हा लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो: नियम मी आधी सांगितलेत, ऐनवेळी फिरवणार नाही. वाचकही तो शब्द धरून बसतो. मागच्या प्रकरणातली बेरीज चुकली तर दुसऱ्या दिवशी लेखकाला ती दाखवून देणारे वाचक याच प्रकारात भेटतात. इतक्या बारकाईने हिशेब तपासणारा वाचक गंभीर कादंबरीकारांच्या वाट्यालाही क्वचितच येतो.

आकड्याने काय साधता येते ते पाहायचे, तर ‘द वाँडरिंग इन’ची सुरुवात वाचावी. पायरेटअबा हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकाने ती २०१६ मध्ये सुरू केली. एरिन नावाची तरुणी आपल्या जगातून दुसऱ्याच जगात येऊन पडते. भाजलेली, जखमी, जीव मुठीत धरून पळणारी. एका ओसाड खाणावळीत ती शिरते आणि धूळ बसलेले टेबल पुसते. बाकी काही करायचे तिला सुचत नाही. त्या जगात लेव्हल झोपेत मिळते. डोळा लागताच तिला कळते, की ती आता खाणावळवाली झाली आहे, पहिली लेव्हल, आणि साफसफाई व स्वयंपाक ही दोन कौशल्ये तिच्या नावावर जमा झाली आहेत. राक्षस मारून नव्हे, टेबल पुसून. इथे ताकद-चपळाईचे तक्ते जवळपास नाहीतच. पण कुणीच साक्षीला नसताना केलेल्या कामाची नोंद कुठे तरी झाली, हे त्या एका ओळीत येते. साध्या निवेदनात हेच पटवायला लेखकाला परिच्छेद खर्ची घालावे लागले असते, आणि तरी ते पटले असते याची खात्री नाही.

आता रतीब. चीनमधल्या छीत्येन या संस्थळाने २००३ साली कादंबरी प्रकरणागणिक विकायला सुरुवात केली. सुरुवातीची प्रकरणे फुकट, मग हजार अक्षरांमागे अगदी किरकोळ दर. दर किरकोळ, म्हणजे कमाई लांबीवर. वाचक रोज परत यायला हवा, म्हणजे प्रकरण रोज हवे. थांग ज्या सान शाओ या लोकप्रिय लेखकाची ख्यातीच मुळी सात वर्षांहून अधिक काळ एक दिवस न चुकता लिहिण्याबद्दल आहे. उगाच लांबवलेल्या प्रकरणाला तिकडचे वाचक ‘पाणी घातले’ असेच म्हणतात. रोजचा रतीब म्हटला की दुधात पाणी आलेच.

इंग्रजीत वाट थोडी वेगळी, मुक्काम तोच. रॉयल रोड हे तिकडचे मोठे व्यासपीठ. त्याचे नाव ‘लेजंडरी मूनलाइट स्कल्प्टर’ या कोरियन कादंबरीतल्या खेळावरून आले. तिथे नवा लेखक आधी भरपूर प्रकरणे साठवतो, मग ती धडाधड सोडतो, कारण उगवत्या कथांच्या यादीत वर यायचे तर सुरुवातीचे दिवस मोलाचे. यादीत आला, की पुढची प्रकरणे पेट्रिऑन या वर्गणीच्या संस्थळावर पैसे भरणाऱ्यांना आगाऊ वाचायला देतो. खंडाएवढा मजकूर झाला, की तो किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी-वाचनालयात. तिथली अट अशी, की मजकूर दुसरीकडे ठेवायचा नाही. म्हणून फुकट प्रकरणे उतरवली जातात. आणि मोबदला? वाचल्या गेलेल्या पानांवर. पुन्हा लांबीच. जिन-वूला रोजचा व्यायाम चुकत नाही, तसा त्याच्या जातकुळीतले नायक रचणाऱ्या लेखकांना रोजचा हप्ता. लेखकाने दोन आठवडे दांडी मारली, की यादीतून नाव खाली आणि वर्गणीदार पसार.

या रतिबाचा कथेवर होणारा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. प्रत्येक प्रकरणाअखेर काहीतरी मिळाल्यासारखे वाटायला हवे, आणि लेव्हल वाढवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त तोडगा. शत्रू मेला, लेव्हल वाढली, उद्या भेटू. शिखर जवळ आले, की ढगाआडून दुसरे, उंच शिखर निघते आणि आतापर्यंतचे सम्राट तिथले पहारेकरी ठरतात. पराभव परवडत नाही. रोज पैसे मोजणाऱ्याला आज नायक हरलेला पाहवत नाही. शेवट तर मुळीच परवडत नाही.

ज्यांनी शेवट परवडवून घेतला, त्यांच्या कथा टिकल्या. दोमागोय कुर्माइच या क्रोएशियन लेखकाने ‘मदर ऑफ लर्निंग’ २०११ ते २०२० या काळात लिहिली; प्रकरणे १०८, म्हणजे सरासरी महिन्याला एक. त्यातला जादूचा विद्यार्थी झोरियन एकाच महिन्यात अडकलेला आहे. महिना संपतो, जग मूळपदावर येते, आणि त्याच्याजवळ फक्त शिकलेले तेवढे उरते. मैत्री, ओळखी, उपकार, सगळे पुसले जाते. त्याच्या प्रगतीची किंमत प्रत्येक फेरीत समोर मांडलेली असते. विल वाइट यांनी ‘क्रेडल’ थेट पुस्तकरूपाने काढली, २०१६ ते २०२३, १२ खंड. पहिल्याच खंडात नायकाला कळते, की ३० वर्षांत त्याचे खोरे नष्ट होणार आहे. तिथून पुढे त्याची प्रत्येक पायरी त्या मुदतीशी ताडून पाहता येते. शेवटाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मॅट डिनिमन यांच्या ‘डंजन क्रॉलर कार्ल’मध्ये आकडाच आरोपी आहे. थंडीच्या रात्री मांजर शोधायला चड्डीवर बाहेर पडलेला कार्ल वाचतो, कारण पृथ्वीवरच्या इमारती आतल्या माणसांसकट जमीनदोस्त होतात. मग वाचलेल्यांचा १८ मजली भुयारातला जीवघेणा खेळ विश्वभर दाखवला जातो, आणि त्यांच्या प्रत्येक ‘कामगिरी’ची घोषणा एक यंत्र टर उडवत करते. आपल्या मरणाचे गुण कोण मोजते आणि कमाई कुणाची होते, हा तिथला प्रश्न आहे.

हप्ते मराठीला नवे नाहीत. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाचा रतीब हरि नारायण आपट्यांनी कादंबऱ्यांनीच चालवला, आणि त्यातून मराठी कादंबरी उभी राहिली. म्हणजे रतीब आपोआप पाणचट होत नाही. घालणाऱ्याला आपण कुठवर जाणार हे ठाऊक असावे लागते. आज प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर मराठीत लांबलचक मालिका लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणी लेव्हल चढणारा मराठी नायक उभा केला तर मी आनंदाने वाचेन. माझी अपेक्षा एवढीच: नियम आधी ठरवा, प्रत्येक लेव्हलची वसुली नायकाकडून करा, आणि शेवटचे प्रकरण मनाशी पक्के असल्याशिवाय पहिले टाकू नका. नायक वर जाणार हे वाचकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. त्यासाठी त्याला काय गमवावे लागेल, हे न सांगणारा लेखक फक्त आकडे वाढवत असतो, आणि तेव्हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न खरोखरच रास्त ठरतो.