तय्यबजींनी टिळकांवर उपकार केले नव्हते

गेल्या १ ऑगस्टला खंडाळ्यात होतो. घाटात धुकं, टिळक पुण्यतिथीचा छोटा कार्यक्रम, श्रोते जेमतेम चाळीस. वक्त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि त्यांनी एक वाक्य जास्तीचं घातलं: टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती मुसलमान होते, असे मुसलमान आज हवेत. टाळ्या पडल्या. काही जण वळून माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. मुंबईतले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ साली मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. सर सय्यद अहमद खान काँग्रेसच्या विरोधात उभे राहिले तेव्हा त्यांच्याशी पत्रातून वाद घालणारे हेच. आणि मुसलमान समाज सोबत येत नाही असं दिसल्यावर निदान पाच वर्षं काँग्रेसचं अधिवेशन थांबवा, असं ह्यूमना १८८८ साली लिहिणारेही हेच. हे दुसरं पत्र व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. १८९५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

आता तो जामीन. १८९७ साल, पुण्यात प्लेगचा कहर, 'केसरी'तले लेख, मग २२ जूनला रँडवर गोळ्या. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं. जामिनाचा अर्ज आधी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी फेटाळला: पार्सन्स आणि महादेव गोविंद रानडे. होय, आपले रानडे. ऑगस्टमध्ये अर्ज पुन्हा आला तो तय्यबजींपुढे, आणि त्यांनी तो मंजूर केला.

रानड्यांनी नाकारला तेव्हा कुणी त्यांची जात काढत नाही, आणि काढूही नये. त्यांचा तो न्यायनिर्णय. मग तय्यबजींचा मात्र 'मुसलमानाचा दिलदारपणा' कसा? जामिनात प्रश्न असतो तो आरोपी खटल्याला हजर राहील का, हा. तय्यबजींनी न्यायाधीशाचं काम केलं. त्याला उपकार म्हटलं की न्यायाधीश म्हणून त्यांची किंमत कमी होते आणि आपल्या हातात देशभक्तीचा दाखला तेवढा उरतो, दरवर्षी नूतनीकरण करायचा.

आपल्या लोकांचंही सांगतो. आपण त्यांची तसबीर अंजुमनच्या संदर्भात लावतो. १९०३ च्या मुंबईतल्या मुस्लीम शिक्षण परिषदेत अध्यक्षपदावरून ते पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध बोलले होते, ते सोयीस्कर विसरतो. आपल्यालाही अर्धेच तय्यबजी हवे असतात.

आज देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. त्यांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त. मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराचा जामीन चौथ्यांदा पुढे ढकलला जातो तेव्हा त्याच्या आईला 'असे मुसलमान हवेत' हे वाक्य ऐकवून बघा. तिला मुसलमान न्यायाधीश नको आहे, तारीख हवी आहे.

कार्यक्रमानंतर चहा घेताना मी वक्त्यांना रानड्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "हो का?" आणि गाडी गाठायला निघून गेले. एक गोष्ट सांगायची राहिली. १८९७ साली टिळकांसाठी जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली तेच दावर न्यायमूर्तीच्या खुर्चीत होते. टिळकांसाठी जामीन मागायला उभे होते बॅरिस्टर जिना. दावरांनी अर्ज फेटाळला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा सुनावली. यात कुठल्या धर्मासाठी टाळ्या वाजवायच्या, ते त्यांना विचारायचं होतं.