लॅपटॉप घ्यायला जाताना प्रिंटर सोबत न्या

दुकानासाठी नवा लॅपटॉप घ्यायला गेले की हल्ली विक्रेता विचारतो, "नेहमीचा प्रोसेसर हवा की एआरएमचा?" आमच्यासारखा कापड व्यापारी इथेच अडखळतो. कापडाचा पोत बोटांना कळतो, प्रोसेसरचा कळत नाही. म्हणून आमचा अनुभव व्यापारी बंधूंसमोर ठेवीत आहोत.

इंटेल व एएमडीचे प्रोसेसर हे इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपच्या घराण्यातले. दुकानदारीचे बहुतेक प्रोग्रॅम याच घराण्यासाठी लिहिले गेले. एआरएमचा जन्म १९८५ साली ब्रिटनमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत झाला. थोडक्या विजेत काम करणे हा त्याचा गुण. आपल्या खिशातला मोबाईलही त्याच्यावरच चालतो. अॅपलने २०२० साली आपल्या लॅपटॉपमध्ये एआरएमवर आधारलेली एम-१ चिप बसविली. विंडोजवाल्यांत क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप जून २०२४ पासून मिळू लागले.

आम्ही विंडोजचा एआरएम लॅपटॉप घेतला. सकाळी नाशिकहून निघून मालेगावला यंत्रमागाचा माल पाहायचा आणि येवल्यावरून रात्री परतायचे, एवढ्या फेरीत चार्जर पिशवीतून बाहेर काढावा लागला नाही. हिशेबाचा प्रोग्रॅम जुन्या घराण्याचा, पण विंडोज तो दुभाष्यामार्फत चालविते. बिले करताना फरक जाणवला नाही. वर्षभराचा मोठा ताळमेळ काढताना मात्र थोडे थांबावे लागले.

खरी अडचण रमजानच्या ऐन गर्दीत आली. बारकोडच्या चिठ्ठ्या छापणारा आमचा जुना प्रिंटर या लॅपटॉपवर चालेना. विक्रेत्याने तर "सगळे चालते" असे सांगितले होते. दुभाष्या प्रोग्रॅमचे भाषांतर करतो, ड्रायव्हरचे करीत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो आणि आमच्या प्रिंटरचा तसा नव्हता. दोन दिवस दुकानातील मुलांनी हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. काही थानांवर भाव चुकला. ग्राहकाला चिठ्ठीवरच्या भावातच माल दिला, तोटा आम्ही सोसला.

तेव्हा आमचे मत असे की, गल्ल्यावरचे मशीन नेहमीच्या प्रोसेसरचेच असावे. तिथे वीज असते आणि जुनी यंत्रे जोडायची असतात. ज्याला गावोगाव फिरून माल दाखवायचा आहे, त्याने एआरएम जरूर घ्यावा. मात्र केवळ बॅटरीसाठी घाई नको. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलनेही कमी वीज खाणारे लॅपटॉप प्रोसेसर आणले असून ते अंतर बरेच कमी झाले आहे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक बंधू जुनी मशीन बदलीत आहेत. त्यांनी डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर घेऊन दुकानात जावे, समोर जोडून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत. भरतकामाची डिझाइने काढणाऱ्या कारागिरांनी आपले सॉफ्टवेअर व त्याची कुलूप-किल्ली, उर्दू छपाईवाल्यांनी आपले इनपेज चालवून पाहावे. चालले नाही तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.

थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. लॅपटॉपलाही तोच नियम लावावा.